पित्ताचं घर

ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील आणि अक्षरही वाईट आहे, त्याची आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. नंतर लिहायची वेळ आली ती किराण्याच्या यादीपुरती. ओळ उजवीकडे जाता जाता खाली घसरते. ते डोळ्यामुळे असं म्हणता आलं असतं, पण शाळेतही ती घसरायचीच. हे कुणाला दाखवायचं नाही, त्यामुळे माफी कुणाची मागते आहे ते मलाच ठाऊक नाही. आमच्या घरात मोत्यासारखं अक्षर मोठ्या दिरांचं. त्यांनी त्या अक्षरात आयुष्यभर काय लिहिलं तर बँकेच्या पावत्या.

मोठ्या दिरांना घरात सगळे दादा म्हणतात. बँकेतून रिटायर झाले आहेत. उज्जैनमधल्या जुन्या मराठी घरांपैकी आमचं घर, म्हणजे सासरचं. पूर्वज सरकारी दफ्तरात कारकून होते. दादा त्याला 'दरबारात होते' असं म्हणतात आणि म्हणताना मान थोडी मागे घेतात. घरात चार मोठी माणसं: दादा, जाऊबाई, माझे यजमान आणि मी. यजमान फ्रीगंजमध्ये एका कपड्याच्या दुकानात हिशेब बघतात. दादांपुढे ते उभ्याने बोलतात.

या घरात दागिना मिरवावा तसं पित्त मिरवतात. सासूबाईंना पित्त होतं, त्यांच्या सासूबाईंना होतं. दादांचं पित्त तर नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. लग्नात कुणी भेटलं की आधी त्यांच्या पित्ताची चौकशी होते. त्यासाठी ते रोज सकाळी वमन करतात. तांब्याभर कोमट मिठाचं पाणी प्यायचं, दोन बोटं घशात घालायची आणि मोरीत ओकायचं. तो आवाज शेजारच्या तीन घरांना ऐकू जातो. ते तोंड धुऊन बाहेर येतात तेव्हा चेहऱ्यावर असं तेज असतं, जणू काही मिळवून आले.

माझं डोकं दुखायला लागलं ते पहाटेचं. झोपेतून जाग यायची तीच दुखण्याने. पूर्ण डोकं आतून भरल्यासारखं, कपाळाच्या मागून कुणी दाबतंय असं. उठून चहा ठेवेपर्यंत उलटी व्हायची. नंतर दिवस वर येईल तसं थोडं उतरायचं.

डोकं आणि उलटी. या घरात एवढं पुरेसं होतं.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे मोठे दीर धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाहीत. मीही त्यांच्यासमोर तोंड उघडलेलं नव्हतं. तशी मी लाजरीच, मला ती पद्धत सोयीची वाटायची. त्यामुळे माझ्या दुखण्याची तपासणी अशी झाली की दादा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, यजमान मध्ये उभे आणि मी स्वयंपाकघराच्या दारामागे.

"तिला विचार, आंबट ढेकर येतात का."

यजमान दोन पावलं माझ्याकडे आले. "येतात का?"

मी मान हलवली. ढेकर कुणाला येत नाहीत.

"येतात म्हणते."

"मग झालं. पित्तच आहे," दादा म्हणाले. "आता या घरात आली म्हटल्यावर होणारच."

हे त्यांनी असं म्हटलं जसं मला घराण्यात नीट दाखल करून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मला वमनाला लावलं. जाऊबाई तांब्या घेऊन मोरीच्या दारात उभ्या. "घाल बोटं. अजून आत. लाजतेस काय, मी काय परकी आहे?" मी ओकायचे. डोळ्यांपुढे चांदण्या यायच्या, कानशिलं फुटतील असं व्हायचं. मग थोड्या वेळाने डोकं हलकं व्हायचं. "बघ," जाऊबाई आत जाऊन सांगायच्या, "पडलं की उतरलं तिचं." आणि दादा पेपरमागून हुंकार द्यायचे. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की हे दुखणं आडवं झाल्यावर वाढतं आणि उठून उभं राहिलं की जरा कमी होतं, म्हणजे ते आपोआप कमी होत होतं. मी नुसती उठून चहा पीत बसले असते तरी उतरलं असतं. उलट ओकताना जोर लावल्याने ते वाढत होतं. पण श्रेय मोरीने घेतलं.

आल्यागेल्याने आपापलं औषध सांगितलं. एकीने आमसुलाचं पाणी, एकीने मोरावळा. शेजारच्या बाईंनी जिऱ्याचं पाणी आणून दिलं आणि वर म्हणाल्या, "भाभी, टेन्शन मत लिया करो." मी कसलं टेन्शन घेत होते ते त्यांनी विचारलं नाही. सगळं प्यायले. पोट बिचारं निर्दोष होतं, तरी सगळी शिक्षा त्यालाच.

मग कानात आवाज सुरू झाला. घूं-घूं, घूं-घूं, नाडी चालते त्याच तालात. आधी वाटलं मागच्या गल्लीतली पिठाची चक्की. पण चक्की बंद असतानाही आवाज यायचा. यजमानांना म्हटलं, "तुम्हाला येतो का?" ते कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, "पाण्याची मोटर असेल." ते कधी कुणाला खोटं पाडत नाहीत, आणि खरं काय तेही बघायला जात नाहीत.

त्यानंतर वाकण्याचं झालं. खाली वाकलं की एका डोळ्यापुढे पडदा यायचा, राखाडी, कधी काळा. चार-पाच श्वास टिकायचा आणि जायचा. केर काढताना, परातीत कणीक मळताना. मी ते कुणाला बोलले नाही, कारण बोलले असते तर आणखी एक तांब्या मिळाला असता.

दसऱ्याला घरात पाहुणे होते. सोनं देऊन सगळ्या मोठ्यांना वाकून नमस्कार करायचा. आमच्याकडे त्यात सवलत नाही, डोकं पायापर्यंत न्यायचं. मी दादांपर्यंत आले, वाकले आणि दोन्ही डोळ्यांपुढे अंधार झाला. पाय दिसेनात. हात पुढे गेला तो खुर्चीच्या पायाला लागला. मी भिंत धरून तशीच उभी राहिले आणि पुढच्या पाहुण्यांना नमस्कार न करता आत गेले.

आतून सगळं ऐकू येत होतं.

"खुर्चीला नमस्कार केला हिने," कुणीतरी हसलं.

"वाकायला जड जातं हो तिला आता," जाऊबाई म्हणाल्या. माझं वजन वाढलं होतं, ते खरं. पण जाऊबाईंच्या बोलण्यात ते खऱ्यापेक्षा जास्त वाढलं होतं.

"जड नाही जात," दादा म्हणाले. "मान ताठ झाली आहे. त्याला वमन नाही."

यावर मोठा हशा झाला. यजमानही हसले. त्यांना मी नंतर विचारलं नाही की का हसलात. उत्तर मला माहीत होतं: सगळे हसले म्हणून.

त्याच आठवड्यात कॅलेंडरवरचे आकडे मला दुहेरी दिसायला लागले. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून यजमानांनी दुपारच्या सुट्टीत टावर चौकातल्या चष्म्याच्या दुकानात नेलं. दुकानदाराने भिंगं बदलून बदलून पाहिली. मग चष्मा काढून ठेवला. "भाभीजी, मेरे बस का नहीं है। ऊपर मैडम बैठती हैं, दिखा लो। आज ही दिखा लो।"

वरच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत औषध घातलं, बाहुली मोठी होईपर्यंत बसवलं आणि मग दिवा लावून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दुसऱ्या डोळ्यातही पाहिलं. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या डोक्याचा प्रश्न मला विचारला, माझ्याकडे बघून. आडवं पडल्यावर जास्त दुखतं का. कानात आवाज येतो का. वाकल्यावर अंधारी येते का. मी हो, हो, हो म्हणत गेले. इतकं मी परक्या माणसाशी कधी बोलले नव्हते.

"इतने दिन क्या किया?" त्यांनी विचारलं.

यजमान म्हणाले, "पित्त समझ रहे थे, मॅडम."

"पेट का इससे कोई लेना-देना नहीं है। आँख के पीछे की नस सूजी हुई है। दोनों तरफ। सिर के अंदर प्रेशर बढ़ा है। आज इंदौर ले जाइए।" मग माझ्याकडे वळून सावकाश म्हणाल्या, "आँख जा सकती है, समझीं आप? गई तो वापस नहीं आती।"

मी समजले. मला वाटतं त्या खोलीत मी एकटीच समजले.

घरी येऊन यजमान दादांपुढे उभे राहिले. इंदूर म्हणजे मोठी तपासणी, अॅडमिट करणं, आणि आमच्याजवळ तेवढे पैसे नव्हते.

"पित्ताला एमआरआय?" दादा म्हणाले. "ती वरची डॉक्टरीण ना? तिचं कमिशन असेल."

"डोळा जाऊ शकतो म्हणाल्या."

"घाबरवल्याशिवाय त्यांचं चालतं का? दिवाळी होऊ दे. माझी एफडी पण दिवाळीनंतरच पिकते. आता मोडली तर व्याज जातं. इतक्या दिवसांत काय होतंय. आणि वमन बंद नको करू म्हणावं तिला."

यजमान दोन पावलं माझ्याकडे आले. मी म्हटलं, "ऐकलं."

डॉक्टरीणबाईंनी तोवरच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. जाऊबाईंनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, म्हणाल्या गरम पडतात, पित्त खवळेल, आणि ते पाकीट कुठेतरी ठेवलं ते सापडलं नाही. मी शोधलं. मोकळेपणाने मागितलं मात्र नाही. माझी जीभ तेव्हा तशीच होती, टाळूला चिकटलेली.

असे ते दिवस गेले. व्याज वाढत होतं आणि माझी नस सुजत होती.

दिवाळीच्या पहाटे मी दारात रांगोळी काढायला बसले. ठिपके घातले, वाकले, आणि उजवा डोळा गेला. नेहमीसारखा आला नाही परत. मी बसून राहिले. आजूबाजूला फटाके वाजत होते. बऱ्याच वेळाने वरून थोडा उजेड आला, पण खाली, नाकाच्या बाजूला, काहीच नव्हतं. काळंही नव्हतं. तिथे रांगोळी असायला हवी होती, ती नव्हती, एवढंच.

मी उठून आत गेले आणि यजमानांना म्हटलं, "माझा डोळा गेला." माझा आवाज कदाचित मोठा झाला असेल, कारण बाहेरच्या खोलीत पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं, चपला घातल्या आणि दादांना न विचारता थेट आपल्या दुकानाच्या शेठकडे गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या माणसाबद्दल अभिमान वाटावा असा तो एकच अर्धा तास. मी तो जपून ठेवला आहे.

शेठ मदत करतो म्हणाले. हे दादांना कळलं आणि घरात एकदम घाई सुरू झाली.

"आपल्या घरची सून दुकानदाराच्या पैशाने दवाखान्यात? लोक काय म्हणतील?" त्यांनी एफडी मोडायची ठरवली, बँक उघडेपर्यंत जवळचे पैसे काढून दिले आणि गाडी बोलावली. माझ्या डोळ्याने जे झालं नाही ते शेठच्या पाकिटाने झालं.

इंदूरला मशीनमध्ये घातलं. मेंदूत गाठ नव्हती, शिरांत रक्त साकळलेलं नव्हतं. यजमानांनी फोन करून सांगितलं की रिपोर्ट चांगला आहे. फोनमधला दादांचा आवाज मला पलंगावरून ऐकू आला. "काही निघालं नाही ना? मी काय म्हणत होतो?"

तिथला डॉक्टर तरुण होता, चांगला होता. मला समजावताना म्हणाला, "आप घर में कुकर तो चलाती होंगी?" बाईला काही सांगायचं तर कुकरच लागतो यांना. मी मान हलवली, पण ते मला पटलं नाही. कुकरला शिट्टी असते. मी नंतर माझ्या मनाशी ते असं बसवलं. डोक्याची कवटी हाडाची, ती फुगत नाही. आत मेंदू, रक्त आणि थोडं पाणी, एवढं ठासून बसलेलं. ते पाणी दिवसभर तयार होतं आणि दिवसभर निघून जातं. आमच्या मोरीची जाळी जाऊबाईंच्या केसांनी तुंबते तेव्हा पाणी हळू जातं आणि वर चढतं. तसं माझ्या डोक्यात पाणी हळू जात होतं. पण मोरीतलं पाणी निदान बाहेर तरी वाहतं. कवटीत जागाच नाही, मग ते जे मऊ आहे ते दाबतं. डोळ्याची नस मेंदूपासूनच येते आणि मेंदूचं वेष्टण तिच्यावरही असतं, म्हणून तो दाब थेट डोळ्याच्या मागे पोचतो. बाहुलीतून दिवा टाकला की दिसतो. मशीनला जे दिसलं नाही ते टावर चौकातल्या डॉक्टरीणबाईंना साध्या दिव्याने दिसलं होतं, कारण त्यांनी पाहिलं होतं.

मग कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवलं आणि पाठीच्या कण्यात सुई घातली. डोक्यातलं पाणी आणि पाठीतलं पाणी एकच असतं म्हणे. सुईला उभी काचेसारखी नळी लावली होती. यजमान दारात होते, त्यांनी पाहिलं. पाणी नळीत चढत गेलं, चढत गेलं, डॉक्टरने वर आणखी एक तुकडा जोडला. ते नंतर मला म्हणाले, "अगं, किती वर गेलं ते." तसं पाणी अगदी स्वच्छ होतं, म्हणाले. मला वाटतं, तोपर्यंत त्यांनाही थोडं पित्तच वाटत असावं.

थोडं पाणी काढलं. मी पडून होते आणि काहीतरी नाहीसं झालं. काय ते चटकन कळेना. मग पलीकडच्या पलंगावरच्या बाईने वाटीत चमचा ठेवला तो आवाज आला, साधा, एकटा. कानातली चक्की थांबली होती. मी डोळे मिटून तो चमचा ऐकत राहिले.

गोळ्या सुरू झाल्या. बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या, सोडा प्यायला तर लोखंडासारखा लागायचा. वजन कमी करायला सांगितलं, ते केलं. काही महिन्यांनी नसेची सूज उतरली. डोळ्यांची एक तपासणी असते, डब्यात बघायचं आणि बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याला खाली, नाकाकडे, दिवे लागत असतील तर मला दिसत नाहीत. दोन्ही डोळे उघडे असले की कळत नाही. डावा झाकला की कळतं. ते परत येणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं आधी आला असतात तर. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

घरात मात्र गोष्ट वेगळीच झाली. आलेल्या प्रत्येकाला दादा सांगू लागले, "डोक्यात पाणी झालं होतं हिच्या. मी एफडी मोडून तातडीने पाठवलं म्हणून वाचली. व्याज बुडालं माझं, पण ते मी धरलं नाही. घरच्या माणसाकडून काय धरायचं." जाऊबाई पुढची ओळ म्हणायच्या, "आणि वमन करत होती म्हणून इतके दिवस निभावलं." पाहुणे माना डोलवायचे. मी चहा देत असायचे. तातडीने या शब्दाला मला दर वेळी कप खाली ठेवावासा वाटायचा. ठेवला नाही. या लोकांशी भांडायचं म्हणजे त्यांना आपल्या बरोबरीचं मानायचं.

मी भाजणी करायला घेतली. धान्य वेगवेगळं भाजायचं, मागच्या गल्लीतल्या चक्कीवर दळून आणायचं. फ्रीगंजमधल्या मराठी बायकांना थालीपिठाची तयार भाजणी हवी असते, करायला वेळ नसतो. नंतर मेतकूट, चकलीचं पीठ. जाऊबाई म्हणाल्या, "आपल्या घरात आता पिठं विकायची वेळ आली." दादा म्हणाले, "तिला म्हणावं, ऑर्डर घ्यायला दारात माणसं नकोत." मी मागच्या दाराने द्यायला लागले. मागच्या दारानेही पैसे तेवढेच येतात.

त्या पैशातून दर महिन्याला यजमान दादांना इंदूरच्या खर्चाचे थोडे थोडे नेऊन द्यायचे. दादा प्रत्येक वेळी "अरे कशाला" म्हणायचे आणि घ्यायचे.

शेवटच्या महिन्याआधी मी यजमानांना बँकेत पाठवलं. एफडी मुदतीआधी मोडल्याने दादांचं नेमकं किती व्याज गेलं ते विचारून या म्हटलं. ते घाबरले. "त्यांनी मागितलं नाही ना." मी म्हटलं, "विचारून या." आकडा आला तो इतका लहान होता की मी दोनदा विचारला. तेवढे पैसे माझ्या भाजणीच्या काही डब्यांत सुटतात. एवढ्यासाठी दिवाळीची वाट पाहिली होती.

परवा पैसे घेऊन मी स्वतः बाहेरच्या खोलीत गेले. दादा खुर्चीवर होते. त्यांनी आधी माझ्या मागे पाहिलं, यजमान येतायत का म्हणून. कुणी नव्हतं. मग सवयीने त्यांनी पाय थोडे पुढे सरकवले, नमस्कारासाठी.

आता वाकलं तरी मला अंधारी येत नाही. रोज केर काढते, कणीक मळते, काही होत नाही. मी वाकले नाही. शेजारच्या स्टुलावर पैसे ठेवले.

"हे शेवटचे," मी म्हटलं. "तुमचं बुडालेलं व्याज पण आहे त्यात."

त्यांनी पैसे उचलले. आयुष्यभर बँकेत नोटा मोजलेली बोटं, ती आपोआप चालली. मोजून होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले. बरोबर भरले. मग मी आत गेले.